हॅरी पॉटर पेन्सिल घेऊन कसं वाचावं

पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घ्यायची नाही. मालवणात आमच्या पडवीत पुस्तकं वाचायला जमणाऱ्या मुलांना मी ही अट घालते, त्यांच्या आईबापांनाही घालते. हॅरी पॉटरचे सातही भाग आधी गोष्ट म्हणून वाचा, रात्र जागवून वाचा. पहिल्याच वाचनात चुका शोधायला बसणारा गोष्टीत शिरतच नाही, आणि गोष्टीत न शिरलेल्याला लेखिकेने मागे कुठे काय सांगून ठेवलंय ते आठवत नाही. मग त्याला फक्त छपाईच्या चुका दिसतात. खऱ्या विसंगती दिसतात त्या गोष्ट पाठ असलेल्याला. दुसऱ्या वाचनाला मात्र पेन्सिल, एक चोपडी आणि हाताशी एखादं कॅलेंडर हवंच.

मी मुद्रितशोधक आहे. दिवाळी अंक, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं, मधूनच एखादी कादंबरी, असं काम जिल्ह्यातल्या छापखान्यांतून येतं. प्रूफं वाचणारी बाई म्हणजे ऱ्हस्वदीर्घ बघणारी, असा बहुतेकांचा समज असतो. ते काम आहेच. पण बाराव्या पानावर वारलेली काकू नव्वदाव्या पानावर चहा टाकत असेल, तर तेही आम्हालाच धरावं लागतं. ही सवय घेऊन मी ही मालिका पुन्हा वाचली, आणि इतकी मोठी गोष्ट दहा वर्षं पेलून धरणाऱ्या जे. के. रोलिंगबद्दल माझा आदर वाढला. जिथे ती चुकते तिथे का चुकली असेल ते कळायला लागलं की पुस्तक कसं घडतं तेही कळतं. चुका धरायच्या त्या यासाठी.

सगळ्यात आधी हातातली प्रत तपासा. आतल्या बारीक अक्षरांच्या पानावर, जिथे प्रकाशकाचा पत्ता आणि हक्कांचा मजकूर असतो, तिथे बहुधा 10 9 8 7 6 अशी आकड्यांची ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण. 1 दिसत असेल तर पहिलं. हे बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण एका मुद्रणातली चूक पुढच्यात दुरुस्त झालेली असते. पहिला भाग ब्लूम्सबरीने जून 1997 मध्ये काढला तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या फक्त 500 प्रती छापल्या होत्या. त्यात 53 व्या पानावर हॅरीला जादूच्या शाळेतून आलेली सामानाची यादी आहे, आणि त्या यादीत ‘1 कांडी’ दोनदा येते, एकदा वर आणि एकदा खाली. मागच्या कव्हरवर पुस्तकाच्याच नावातलं एक अक्षर गळलंय. यादीतला जिन्नस दोनदा पडणं ही प्रूफ वाचणाऱ्याच्या रोजच्या ओळखीची चूक आहे. यादी आपण शब्द म्हणून वाचतो, हिशेब म्हणून वाचत नाही, म्हणून ती निसटते. आज दुकानातून आणलेल्या प्रतीत ती कांडी एकदाच असेल. संग्राहक मात्र जुनी प्रत हातात आली की आधी ते पान उघडतात.

मराठी अनुवाद वाचत असाल तर एक पथ्य पाळा. खटकलेलं वाक्य मूळ इंग्रजीत कसं आहे ते पाहिल्याशिवाय लेखिकेच्या माथी दोष मारू नका. अनुवादात एखादा आकडा किंवा वार चुकणं सहज शक्य असतं. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफवर तर कधीच निकाल देऊ नका. स्कॅन करताना यंत्र 3 चा 8 करतं आणि आपण लेखिकेला वेड्यात काढतो. सिनेमेही बाजूला ठेवा. पुस्तकातल्या हॅरीचे डोळे हिरवे आहेत, पडद्यावरच्या मुलाचे निळे. ती पुस्तकाची चूक नाही.

आता चोपडी. माझ्या चोपडीत चार रकाने असतात: काय सांगितलंय, कुठल्या भागात, कुठल्या प्रकरणात, आणि कोण सांगतंय. पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहायचं, कारण दर आवृत्तीत पानं सरकतात. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात कामाचा तोच. निवेदकाने सांगितलेलं आणि पात्राने बोललेलं यांचं वजन सारखं नसतं. पहिल्या भागात शाळेचा राखणदार हॅग्रिड छातीठोक सांगतो की वाईट मार्गाला लागलेला एकही जादूगार स्लिदरिनच्या, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या चार घरांपैकी त्या एका घराच्या, बाहेरचा नव्हता. पण ज्या काळात तो हे बोलतोय त्या काळात सिरिअस ब्लॅक खुनी आणि फितूर म्हणून तुरुंगात आहे, सगळं जग तसं मानतंय, आणि सिरिअस होता ग्रिफिंडॉरचा. हे हॅग्रिडला माहीत असणारच. मग ही चूक का? माझ्या मते नाही. हॅग्रिड रागात सरसकट बोलणारा माणूस आहे. आपल्याकडे एखादा काका ‘त्या वाडीतला एक माणूस धड नाही’ म्हणतो, तेव्हा तो जनगणना करून बोलत नसतो. हेच वाक्य निवेदकाच्या तोंडी असतं तर मी लाल खूण केली असती.

शाळेतलं भूत बिनडोक्याचा निक मात्र चौथ्या रकान्यातूनही सुटत नाही. पहिल्या भागाच्या जुन्या मुद्रणांत तो म्हणतो की आपण जवळजवळ 400 वर्षांत काही खाल्लेलं नाही. दुसऱ्या भागात त्याच्या पाचशेव्या मृत्युदिनाची मेजवानी आहे आणि केकवर तारीख कोरलीय, 31 ऑक्टोबर 1492. म्हणजे आदल्या वर्षी त्याला मरून 499 वर्षं झालेली होती. आपण कधी मेलो यात कुठलं भूत शंभर वर्षांची गफलत करेल? पुढच्या मुद्रणांत 400 चं 500 झालं. या केकचं महत्त्व त्याहून मोठं आहे. मालिकेत खरं इसवी सन पहिल्यांदा नक्की होतं ते इथे. 1492 मध्ये 500 मिळवा, दुसरा भाग 1992 चा. त्यावरून हॅरीचा जन्म 1980 चा, आणि सातव्या भागात त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर 31 ऑक्टोबर 1981 ही तारीख येऊन हिशेब पक्का करते. अशी एक घट्ट खुंटी सापडली की बाकीच्या तारखा तिला बांधता येतात.

बांधल्या की वार बिघडलेले दिसतात. गोष्ट सुरू होते तो मंगळवार आहे, पण 1 नोव्हेंबर 1981 ला रविवार होता. हॅरीचा अकरावा वाढदिवस पुस्तकात मंगळवारी आहे, 31 जुलै 1991 ला होता बुधवार. तिसऱ्या भागात ज्योतिषाच्या बाई 16 ऑक्टोबर शुक्रवार म्हणतात, 1993 साली त्या तारखेला शनिवार होता. फोनमधलं कॅलेंडर मागे नेऊन हे कुणालाही पाच मिनिटांत बघता येतं, म्हणूनच मी याला फार किंमत देत नाही. लेखिकेने गोष्ट लिहिली, पंचांग लिहिलं नाही. चौथ्या भागात 1994 च्या उन्हाळ्यात हॅरीच्या मावसभावाकडे, डडलीकडे, प्लेस्टेशन हा व्हिडिओ गेम आहे. ते जपानात आलं डिसेंबर 1994 मध्ये आणि युरोपात सप्टेंबर 1995 मध्ये. हीही त्याच जातीची विसंगती. पुस्तक बाहेरच्या जगाशी जुळत नाही एवढंच ती सांगते. पुस्तक स्वतःशीच जुळत नसेल तर ती चूक जड. माझ्या चोपडीत या दोन्हींच्या खुणाही वेगळ्या आहेत.

पहिल्या प्रकरणातच अशी एक जड विसंगती आहे. हॅरीचे आईवडील मारले जातात 31 ऑक्टोबरच्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवसाढवळ्या घुबडं उडताहेत, जादूगार रस्त्यात आनंदाने नाचताहेत. आणि त्या दिवशीच्या रात्री हॅग्रिड बाळाला घेऊन मावशीच्या दारात उतरतो. तो सांगतो की आसपासचे लोक जमायच्या आत आपण बाळाला पडक्या घरातून उचललं, आणि ब्रिस्टलवरून उडताना ते झोपलं. मग मधला अख्खा दिवस बाळ कुठे होतं? त्याला कुणी भरवलं? पुस्तकात उत्तर नाही. तारखा लिहिताना प्रत्येक प्रसंगापुढे ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असं लिहायची सवय लावा, असे हरवलेले दिवस आपोआप दिसायला लागतात.

आता चंद्र. हे इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं जमेल. तिसऱ्या भागातले ल्युपिन सर पौर्णिमेला लांडगा होतात. त्यांच्यासाठी स्नेप हा दुसरा शिक्षक एक औषध बनवतो आणि ते पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचं असतं, असं ल्युपिन स्वतःच सांगतात. माझ्याकडे वाचायला येणारा एक मुलगा रापणकरांच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, घरातला आहे. नाताळाच्या जेवणाच्या प्रसंगापर्यंत तो मुकाट वाचत होता. तिथे थांबला आणि म्हणाला, “मावशे, नाताळाक पुनव खंयसून इली?”

आम्ही पुस्तक मागे चाळलं आणि तीन नोंदी काढल्या. पहिली: 31 ऑक्टोबरला दुपारी ल्युपिन हॅरीसमोर ते औषध पितात आणि रात्री मेजवानीलाही बसतात. म्हणजे त्या रात्री पौर्णिमा नाही, पण आठवड्याच्या आत आहे. दुसरी: मध्ये काही दिवस जातात, हवा बिघडत जाते, आणि क्विडिच या झाडूवर बसून खेळायच्या खेळाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ल्युपिन आजारी म्हणून त्यांचा तास स्नेप घेतो. म्हणजे पौर्णिमा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे, 5 ते 7 तारखेच्या आसपास. तिसरी: 25 डिसेंबरला जेवणाच्या टेबलावर ल्युपिन नाहीत. मुख्याध्यापक डंबलडोर म्हणतात, बिचारे पुन्हा आजारी आहेत. मग स्नेपला विचारतात की औषध करून दिलंय ना.

आता मोजा. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस. 5 नोव्हेंबरची पौर्णिमा धरली तर पुढची 4-5 डिसेंबरला, त्यापुढची 3 जानेवारीच्या सुमाराला. अमावास्या 19 डिसेंबरची. म्हणजे नाताळाला आकाशात पंचमी-षष्ठीची कोर, आणि समुद्रात उधाण तर नाहीच, उलट भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस जवळ आलेले. त्या मुलाच्या डोक्यात हे गणित कागदाशिवाय झालं होतं, कारण त्याच्या घरात कामाचा अंदाज पाण्यावरून बांधतात आणि पाणी चंद्रावरून.

इथेच थांबायचं नाही. चूक सापडली असं वाटलं की लेखिकेची वकिली करायची, जमेल तितकी ताणून. सामन्याची नोंद सोडून दिली आणि पौर्णिमा अगदी 1 नोव्हेंबरला धरली, तर? मग पुढची 30 नोव्हेंबरला आणि त्यापुढची 30 डिसेंबरला. तरी नाताळाला पाच दिवस शिल्लक राहतात. औषध चालू असेल, पण औषध चालू असताना ल्युपिन मेजवानीला येतात हे आपण 31 ऑक्टोबरला पाहिलंय. बरं, त्यांना साधा ताप आला असेल म्हणावं, तर डंबलडोर औषधाचंच विचारतात. सगळ्या वाटा चालून झाल्यावर मग चोपडीत खूण. खऱ्या 1993 च्या पंचांगाकडे मी इथे मुद्दाम बघितलेलं नाही. पुस्तकातल्या नोंदी आपापसांतच जुळत नाहीत, तेवढं पुरे.

माणसं मोजणंही असंच. पहिल्या भागात झाडूवर बसायच्या पहिल्या तासाला ग्रिफिंडॉर आणि स्लिदरिन मिळून मैदानावर 20 झाडू मांडलेत. दुसऱ्या भागात हफलपफबरोबरच्या तासाला कान झाकायच्या सुमारे 20 जोड्या आहेत. म्हणजे एका घराची एका वर्षाची मुलं साधारण दहा. हॅरीच्या खोलीत पाच मुलगे, तेही जुळतं. दहा गुणिले चार घरं गुणिले सात वर्षं, शाळा 280 ची. आणि तिसऱ्या भागातल्या अंतिम सामन्याला स्लिदरिनच्या गोलामागे हिरवे कपडे घातलेले 200 जण बसलेत, बाकी तीन चतुर्थांश मैदान लाल. एका घरात 70 मुलं, मग 200 आली कुठून? वर्गात शिरताना लेखिकेला लहान, ओळखीची मुलं हवी असतात आणि सामन्याला गर्दी हवी असते. दोन्ही प्रसंग आपापल्या जागी उत्तम उतरलेत, म्हणून वाचताना कुणाला अडत नाही. आकडे दिसले की खाली रेघ मारा, गुणाकार नंतर करा.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती चौथ्या भागातली चूक. जुलै 2000 मध्ये पुस्तक आलं, आणि पहिल्या मुद्रणांत चौतिसाव्या प्रकरणात ती होती. हॅरी आणि त्याच्या आईवडिलांना मारणारा व्होल्डेमॉर्ट यांच्या कांड्या एकमेकींना भिडतात आणि व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून तिने केलेल्या जादूची प्रतिबिंबं उलट्या क्रमाने बाहेर येतात. नियम सोपा आहे: शेवटचं आधी. लेखिकेने तो फार काळजीने पाळलाय. आधी किंकाळ्या, कारण व्होल्डेमॉर्टने नुकताच छळ केलाय. मग चंदेरी हात, जो त्याआधी आपल्या चाकराला, वर्मटेलला, दिला. मग त्या कांडीने मारलेली माणसं: आधी सेड्रिक, मग म्हातारा माळी, मग बर्था. यानंतर यायला हवी हॅरीची आई, कारण ती वडिलांनंतर मेली. पहिल्या मुद्रणांत आधी वडील आले, मग आई.

आई नंतर मेली हे कशावरून? लेखिकेच्याच आधीच्या पुस्तकांवरून. पहिल्या भागाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट स्वतः हॅरीला सांगतो की तुझ्या बापाला मी आधी मारलं. तिसऱ्या भागात हॅरीला वडिलांचा आवाज ऐकू येतो, बाळाला घेऊन पळ म्हणून ते आईला सांगताहेत. म्हणजे वाचकाला एकाच वेळी तीन पुस्तकं डोक्यात ठेवावी लागतात तेव्हा ही चूक दिसते. संपादकाच्या टेबलावर मात्र एकच हस्तलिखित असतं. शिवाय आपण ‘आईवडील’ म्हणू किंवा ‘वडील आणि आई’, जोडीचा क्रम हात सवयीने लिहितो, आणि उलट्या क्रमाचा प्रसंग लिहिताना सवय आडवी येते. वाचकांनी हे धरलं, पुढच्या मुद्रणांत क्रम बदलला. म्हणून क्रम उलटा चालणारा कुठलाही प्रसंग, आठवणी, वंशावळ, पावलांचे माग, काही असो, बोट ठेवून मागून पुढे वाचायचा. प्रूफातल्या आकड्यांचे तक्ते आम्ही असेच वाचतो.

सगळी भोकं म्हणजे चुका नव्हेत. चौथ्या भागात शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा हॅरीचा नकाशा खोट्या मूडीकडे, मूडी नावाच्या शिक्षकाचं सोंग घेतलेल्या माणसाकडे, जातो आणि पाचव्यात तो पुन्हा हॅरीच्या हातात दिसतो. कसा परत आला ते पुस्तकात सांगितलेलं नाही. ही राहून गेलेली गोष्ट आहे. मूडीच्या खोलीत जाऊन परत आणला असेल, एवढं समजून घ्यायला जागा आहे. माझ्या चोपडीत अशांना वेगळं पान. शाळेच्या गाड्या ओढणारे घोड्यांसारखे थेस्ट्रलही त्याच पानावर. मृत्यू पाहिलेल्यालाच ते दिसतात, हॅरीने सेड्रिकला मरताना पाहिलं, तरी त्या वर्षाच्या शेवटी गाड्या त्याला बिनघोड्यांच्याच दिसतात. रोलिंगचं म्हणणं असं की मृत्यू नुसता पाहून चालत नाही, तो आत उतरावा लागतो. मला ते पटतं. मार्कस फ्लिंटचं उत्तर मात्र पटत नाही. पहिल्या भागाच्या जुन्या मुद्रणांत तो सहाव्या वर्षाला आहे, शाळा सात वर्षांची, आणि तिसऱ्या भागातही तो स्लिदरिनचा कप्तान. तो नापास झाला असणार, असं तिने नंतर सांगितलं. तोवर पुस्तकात त्याचा मागमूस नव्हता. नंतर दिलेलं उत्तर पुस्तकातल्या एखाद्या ओळीला धरून असेल तर मानायचं, नुसतं वरून चिकटवलेलं असेल तर चोपडीतली खूण तशीच ठेवायची.

प्रकाशकाला कळवायचं असेल तर पत्र छोटं हवं. आवृत्ती आणि मुद्रण, प्रकरण, पहिलं वाक्य जसंच्या तसं, त्याला छेद देणारं वाक्य जसंच्या तसं, आणि दोन ओळींत तुमचा हिशेब. एका पत्रात एकच चूक. टोमणा नको. दहा चुकांची यादी टेबलावर पडून राहते. एका चुकीचं पत्र उचलून कुणीतरी पुस्तक उघडून बघतो, मी बघते तसं.

सुरुवात दुसऱ्या भागापासून करा. तो आटोपशीर आहे, केकवरच्या तारखेमुळे वर्ष पक्कं आहे, आणि त्यात कुणाला कधी काय कळलं याचा धागा सरळ आहे. पहिला भाग त्यानंतर. सहावा-सातवा घाईने उघडू नका. तिथे प्रत्येक वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याचा वेगळा तक्ता लागतो, त्यातही कांड्यांचा सगळ्यात मोठा, आणि त्याला चोपडीची निदान चार पानं कोरी ठेवावी लागतात.